कमी ऐकणाऱ्यांची जोडी

यादोराव : ...मनून म्हणतो, एक बार सांगून तं पाय. नऊ वर्षं झाली तुले नागपूरले. लोक इचारतात, पोरगी काय शिकून रायली, तं मी म्हणतो, मोबाइलचं. मंग ते आपला बिघडलेला मोबाइल आनून देतात.

भावना : कोणी दिला?

यादोराव : शालिकनं. आलमारीत हाय. म्हणे, भावना आली का दाखवजा.

भावना : बाबा, मला मोबाइल दुरुस्त करता येत नाही.

विमलाबाई : नऊ वर्षांत तेवढंबी नाई शिकवलं?

भावना : आई, तू वडे तळ.

विमलाबाई : तळून रायली. हात गुंतले हायत, कान मोकळेच हायत.

यादोराव : दर बारीले तू एकच म्हणते, तुम्हाला नाही समजणार. मी बत्तीस साल खानीत घंटी वाजवली. ज्याले समजत नाई त्याले समजावनं, तेच काम होतं माहं.

भावना : असं कधी म्हटलं मी?

यादोराव : मे महिन्यात. याच बाजेवर बसून.

भावना : ...बरं, सांगते. पण कंटाळा आला तर थांबवा मला.

यादोराव : बत्तीस साल एका दोराकडे पायत बसलो होतो. कंटाळ्याचं मले नको सांगू.

भावना : मग ऐका. तुम्ही इथे अंगणात आहात, आई तिकडे चुलीपाशी. समजा, तुमचा दोघांचा आवाज एकमेकांपर्यंत जात नाही.

विमलाबाई : समजा काय त्यात? अठ्ठावीस वर्षं तसंच हाय.

भावना : मी मधे, दारात. तुमचं आईला मी सांगायचं, आईचं तुम्हाला मी सांगायचं. मोबाइलचा टॉवर हेच करतो. आता एकेक आकडा मनात धरा, दहाच्या आतला. बाबा, तुमचा माझ्या कानात सांगा.

यादोराव : इकडे ये. ...ऐकला?

भावना : ऐकला. आई, तुझा?

विमलाबाई : माहे हात तेलाचे हायत.

भावना : आकडा सांगायला हात कशाला लागतात?

विमलाबाई : ये मंग इकडे. ...झालं? जा आता, तेल उडन.

भावना : झालं. आता साधी रीत अशी, की मी आधी तुमचा आकडा आईला ओरडून सांगणार. मग आईचा तुम्हाला. दोनदा ओरडावं लागलं.

यादोराव : हाव. दोन बार.

भावना : त्याऐवजी मी एकदाच ओरडते. तेरा!

यादोराव : तेरा? दहाच्या आतला म्हणली होती ना? तेरा कोनाचा?

भावना : कोणाचाच नाही. तुमचा आणि आईचा मिळून तेरा. तुमचा तुम्हाला माहीत आहे की.

यादोराव : माहा चार. ...थांब, थांब. सांगू नको. तेरातून चार गेले. नऊ! विमला, तू नऊ धरले होते!

विमलाबाई : अन् तुमी चार. चार वडे खाता मनून चारच सुचले.

यादोराव : अरे बापा! एकाच बोंबेत दोघायले समजलं!

भावना : हे. हेच शिकते मी.

विमलाबाई : नऊ वर्षं?

यादोराव : तू चूप बस ना वं. ...भावना, अन् रस्त्यानं जानाऱ्यानं तेरा ऐकलं तं?

भावना : त्याला काहीच समजणार नाही. त्याच्याकडे ना तुमचा चार, ना आईचे नऊ.

विमलाबाई : हे मात्र बेस हाय. हे गावात लवकर आलं पायजे.

यादोराव : अन् समज, मी माहा आकडाच भुललो?

भावना : मग तेराचा काही उपयोग नाही. म्हणून आपण जे पाठवलं ते आपल्या मोबाइलला थोडा वेळ जपून ठेवावं लागतं.

यादोराव : मनजे आपन काय बोललो ते ज्याच्या ध्यानात हाय, त्यालेच दुसऱ्याचं समजन.

विमलाबाई : हे ती तुमच्यासाठीच सांगून रायली.

यादोराव : पन मले एक सांग. एकदा ओरडलं का दोनदा, काय फरक पडते? दम तं तेवढाच लागते.

भावना : दोन माणसं असली तर नाही पडत. टॉवरपाशी हजार माणसं असतात, बाबा. आणि टॉवरकडे वेळ तेवढाच, ताकद तेवढीच. एकाशी बोलत असला की दुसरा थांबतो. तेव्हा वेळ कोणाला किती द्यायचा, जोर कोणासाठी किती लावायचा, कोणाचा आकडा कोणाच्या आकड्यात मिळवायचा, हे वाटप ठरवायचं. माझी पीएचडी त्याच्यावर आहे.

यादोराव : वाटपावर? मंग तसं सांग ना! मी लोकायले मोबाइल, मोबाइल सांगत बसलो.

भावना : आता सांगा वाटप.

यादोराव : सांगतो. ...भावना.

भावना : काय झालं?

यादोराव : मी बत्तीस साल घंटी दोनदा वाजवली.

भावना : म्हणजे?

यादोराव : तुले कधी सांगतलं नाई मी?

भावना : तुम्ही घंटी वाजवायचे, एवढंच माहीत आहे मला.

यादोराव : ऐक मंग. मंगनीजचे डबे दोरानं वर येत. वर इंजनवाला, खाली डबे जोडनारा, अन् मधातल्या ठेप्यावर मी. खालचा मले ठोके देऊन सांगे, इतके भरलेले डबे तयार हायत. वरचा मले सांगे, इतके रिकामे सोडतो. त्या दोघायचं एकमेकाले ऐकू जात नव्हतं. माही घंटी मात्र एकाच तारेवर. मी वाजवली का वरबी वाजे अन् खालीबी वाजे.

भावना : दोन्हीकडे? एकाच वेळी?

यादोराव : एकाच टायमाले. तरी मी पयले खालच्याचे ठोके वरच्यासाठी वाजवो. मंग थांबो. मंग वरच्याचे खालच्यासाठी वाजवो.

भावना : आणि ज्याचा आकडा त्याला माहीतच होता.

यादोराव : मालूम होता! मिळवून एकदाच वाजवली असती तं भागलं असतं. बत्तीस साल! हे तू पयले काहून नाई सांगतलं?

भावना : पहिली आठ वर्षं मी जन्मलेच नव्हते, बाबा.

विमलाबाई : अन् मिळवून वाजवली असती तं तो इंजनवाला कृष्णराव मेला असता मोजता मोजता. त्याले पाच ठोके मोजता येत नव्हते. तेरा कुठी मोजन तो?

यादोराव : हे खरं बोलली तुही माय. कृष्णरावले मोजाले टाइम लागे.

भावना : तिथंच अडलं आहे माझं.

यादोराव : कुठी?

भावना : ऐकणारे सारखे नसतात. टॉवरच्या जवळ जो आहे त्याच्याशी भराभरा बोललं तरी त्याला समजतं. लांब जो आहे, आंधळगावच्या बाहेर धानाच्या बांधीत उभा असलेला, त्याच्याशी हळू बोलावं लागतं. दोघांसाठी मिळून एकदाच बोलायचं म्हटलं की हळूच बोलावं लागतं, नाहीतर लांबच्याला समजत नाही. मग एकदा बोलून जो वेळ वाचवला तो हळू बोलण्यात जातो. कधी कधी उलट जास्तच जातो.

यादोराव : हाव. जाते.

भावना : सहा महिने झाले. शुक्रवारी सरांना दाखवायचं आहे. ते म्हणाले, जमत नसेल तर हा सगळा भाग काढून टाक. तीन वर्षांचं काम आहे ते.

विमलाबाई : तीन वर्षांचं काढून टाक मनते? त्याच्या घरचं हाय का?

यादोराव : तू जोड्या कशा लावते?

भावना : कसल्या जोड्या?

यादोराव : कोनाचे ठोके कोनाच्या ठोक्यात मिळवाचे, त्या.

भावना : जवळच्याची जोडी लांबच्याशी.

यादोराव : काहून?

भावना : सगळे तसंच लावतात.

यादोराव : सगळे काहून लावतात?

भावना : ...बरं दिसतं ते. चांगलं ऐकणारा कमी ऐकणाऱ्याला सांभाळून घेईल, असं काहीतरी डोक्यात असतं.

यादोराव : घंटीत कोनी कोनाले सांभाळत नाई, बाई. घंटी दोघायचीबी हळू होते.

भावना : म्हणजे कसं?

यादोराव : जिल्हा तुटला त्याच्या आंधीच्या सालची गोष्ट सांगतो. गोंदिया आपल्यातच होता तवा. तू सातवीत. दोन पाळ्या होत्या आमच्या. पयल्या पाळीत वर अंकुश, तेज कानाचा. खाली बाबूलाल.

भावना : आपले बाबूलाल काका? ज्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं?

यादोराव : तोच. तवाबी कमीच ऐके. दुसऱ्या पाळीत वर कृष्णराव, अन् खाली हा मोबाइलवाला शालिक. शालिक पोट्टाच होता तवा, दोन हात अन् चार कान. मी एक हप्ता या पाळीत, एक हप्ता त्या पाळीत. कुठीबी जा, घंटी हळूच. तार एकच, भराभरा वाजवली का कमी ऐकनाऱ्याचं मोजनं चुके. एक ठोका, दम. एक ठोका, दम. या पाळीत बाबूलालसाठी, त्या पाळीत कृष्णरावसाठी. अंकुश वरून शिव्या देये, शालिक खालून.

भावना : मग?

यादोराव : मंग मी फोरमनले म्हणलं, साहेब, बाबूलालले कृष्णरावसंग द्या. अंकुशले शालिकसंग द्या. फोरमन म्हणे, पागल झाला का? दोन कच्चे एका जागी? म्हणलं, आठ दिवस पाहा. ...तेज पाळी असी चालली, टन टन टन, टन टन! मले हात पुरेना. अन् हळू पाळी हळूच रायली. पन ते तं आंधीबी हळूच होती ना? तिचं काय गेलं?

भावना : तिचं काही गेलं नाही... पण बाबा, मग त्या दोघांचे डबे मागेच राहिले असणार. एक पाळी कायमची पुढे, एक कायमची मागे. माझ्याकडे लांबच्या माणसाचं तसं होऊन चालणार नाही.

यादोराव : मनून तं दोराचा टाइम बदलला. तेज पाळीचं काम लवकर आटपे. मंग पाळी सुटाच्या एक घंटा आंधीच दोर हळू पाळीले सोडून द्याचा. दोर तोच, दिवस तोच. हळू ऐकनाऱ्याले घंटी जास्त वेळ द्या लागते. नाई तं त्याचे डबे कवा भरन?

भावना : आणि एक तास सोडूनही तेज पाळीचे डबे कमी नाही झाले?

यादोराव : आंधीपेक्षा जास्त झाले.

विमलाबाई : भावना, वडा थंडा होऊन रायला. ...भावना. कुठी गेली वं ही?

भावना : खाते.

यादोराव : लाखोळीच्या डाळीचे वडे गरमच खा लागतात.

भावना : बाबा, ती खाण होती. चार माणसं, आणि चौघंही तुमच्या ओळखीची. माझ्याकडे हजार आहेत आणि ती सारखी जागा बदलतात. आता जवळ असलेला दहा मिनिटांनी लांब जातो. इतकं सोपं नसतं ते.

यादोराव : मी कुठी म्हणलं सोपं हाय? बाबूलाल तीन महिने माह्यासंग बोलला नाई.

भावना : का?

यादोराव : त्याले वाटलं, म्हाताऱ्या कृष्णरावसंग बांधून मी त्याची बेइज्जती केली.

विमलाबाई : आपल्या घरावरून जाये अन् मान तिकडे फिरवे. त्याची कौशल्या मले पान्याच्या नळावर सांगे, घरीबी फुगूनच बसते मनून.

भावना : मग काय केलं तुम्ही?

यादोराव : काय करनार? गेलो त्याच्या घरी. ...ते राहू दे. तू सांग. बरोबर हाय का माहं? जोडीचं?

भावना : बघते.

यादोराव : हाव, पाय. पन वाटते का?

भावना : गणित करून बघावं लागेल.

यादोराव : ते तं करशीलच. मी आपलं अदमासानं इचारतो. वाटते का तुले, बरोबर असन?

भावना : आमच्यात अंदाजानं नाही सांगत, बाबा.

यादोराव : बरं. निंघालं बरोबर तं फोन करजो.

विमलाबाई : अन् नाई निंघालं तं नाई करनार का ती? असं काय सांगता पोरीले?

यादोराव : मी असं कुठी म्हणलं? ...साडेसातची बस धरते का उद्या?

भावना : हो. तुम्ही नका येऊ स्टँडवर. मी जाईन.

यादोराव : बॅग जड हाय. तुह्या मायनं अर्धा गाव बांधून देला. अन् शालिकचा मोबाइलबी ने. तिकडे कोन्या दुकानात देजो, नाई तं तो रोज येऊन बसन.

विमलाबाई : तुमाले तेवढंच पायजे. कोनी येऊन बसलं का घंटीच्या गोष्टी सुरू.

यादोराव : मंग? आता नवीन गोष्ट भेटली ना. तेराची.

(सतरा दिवसांनंतर. तेच अंगण, सकाळ. भावना नागपूरला गेली त्याच दिवशी यादोराव वारले. काल पुण्यानुमोदनाचा विधी झाला. आज बाबूलाल आले आहेत.)

बाबूलाल : काल गर्दी होती. बोलता आलं नाई. मनून आज आलो.

विमलाबाई : बरं केलं, भाऊजी. बसा. ...भावना, जोरानं बोलजो. त्यायले ऐकू येत नाई.

भावना : काका, कानाचं मशीन नाही लावत का?

बाबूलाल : आँ?

भावना : मशीन! कानाचं!

बाबूलाल : हाय ना. खिशात हाय. लावलं का सारं गाव कानात शिरते. पंखा बी, कुत्रं बी. मानूस तेवढा ऐकू नाई येत.

विमलाबाई : चाय ठेवते.

बाबूलाल : नको, वहिनी. बसा तुमी. ...बेटा, तुह्या बापानं मले कृष्णरावसंग बांधलं होतं. मालूम हाय तुले?

भावना : सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही तीन महिने बोलला नाहीत म्हणाले.

बाबूलाल : किती म्हणला?

भावना : तीन महिने!

बाबूलाल : चार. यादो भाऊ एक महिना कमीच सांगे. चार महिने नाई बोललो मी. मंग एका इतवारी तो घरी आला. मी बाजेवरून उठलो नाई. पानी बी इचारलं नाई. तो खालीच बसला, अन् म्हणे, बाबूलाल, तू कमी ऐकते. तुह्यासाठी मी घंटी हळू वाजवतो. हे साऱ्या पाळीले मालूम हाय, फक्त तुलेच कोनी सांगत नाई. म्हणे, मी सांगून रायलो. असा म्हणला, माह्या बायकोसमोर.

विमलाबाई : मले घरी येऊन काईच सांगतलं नव्हतं त्यायनं.

भावना : राग आला असेल तुम्हाला!

बाबूलाल : राग? मी म्हणलं, निंघ माह्या घरातून. तो निंघाला. दुसऱ्या दिवशी पाळीवर घंटी वाजली, तसीच, एक ठोका, दम, एक ठोका, दम. मले पयल्यांदा समजलं का हे माह्यासाठी हाय. तवापर्यंत मी समजत होतो, घंटी असीच रायते.

भावना : मग बोलायला लागलात?

बाबूलाल : आँ?

भावना : मग बोललात का त्यांच्याशी?

बाबूलाल : बोललो. राग गेला नाई, सालभर होता. पन बोललो. बाकीचे माह्या पाठीमांगं बोलत. त्यानं सामने येऊन सांगतलं. अशा मानसासंग किती दिवस नाई बोलाचं?

विमलाबाई : खरं हाय.

बाबूलाल : तू गेली त्या दिवशी मी स्टँडवरच होतो. तुले दिसलो नसन. तुही बस निंघाली अन् आमी चाय घेतली. लय खुश होता. मले म्हणे, बाबूलाल, पोरीले आपली जोडीवाली गोष्ट सांगतली. तिच्या टॉवरले लागते का ते पायते म्हणे ती. मी म्हणलं, लागन का रे? तं म्हणे, मले तं वाटते लागन. पन ती शिकली हाय, गनित करन, मंग मले फोन करन.

विमलाबाई : भाऊजी, चाय घ्याच तुमी. मी ठेवते.

बाबूलाल : मंग आला का फोन?

विमलाबाई : भाऊजी.

बाबूलाल : मी इचारून रायलो, त्याले फोन आला होता का?

विमलाबाई : नाई आला. स्टँडवरून आले, अन् मोबाइल चार्जिंगले लावला. दहाले काढला. उशापाशी ठेवला. अकराले म्हणाले, जरासा पडतो. तुमाले मालूमच हाय पुढचं.

भावना : आई, हे तू मला सांगितलं नव्हतंस.

विमलाबाई : काय सांगाचं त्यात? मोबाइल सारेच चार्जिंगले लावतात.

बाबूलाल : वहिनी काय म्हणल्या मले ऐकू नाई आलं. बेटा, तू सांग. निंघालं का बरोबर, यादो भाऊचं?

भावना : आई, तू सांग ना त्यांना. म्हणावं, काम चालू आहे अजून.

विमलाबाई : मी कायले सांगू? तुले इचारलं त्यायनं.

भावना : सरांनी महिनाभर मुदत दिली आहे. मी वही उघडलेली नाही अजून.

विमलाबाई : भावना, त्या दिवशी तू नागपूरवरून आली, अन् तुह्या बाबाच्या पायापाशी बसली. तवा तू एकच म्हणून रायली होती. मी करणारच होते, मी करणारच होते. मी तवा इचारलं नाई. काय करनार होती?

भावना : ...फोन.

विमलाबाई : मंग निंघालं होतं?

भावना : वरठी यायच्या आधी निघालं होतं, आई.

विमलाबाई : बसमधीच?

भावना : बसमध्येच. वहीत चार माणसं मांडली, दोन जवळची, दोन लांबची. आधी माझ्या जोड्या लावल्या, मग बाबांच्या. दहा मिनिटं लागली फक्त. मग आठ माणसं घेतली. तरी तेच. मग लांबच्यांना वेळ वाढवून दिला, बाबा म्हणाले तसा. कोणी मागे पडत नव्हतं. जवळच्यांचंही काही कमी होत नव्हतं.

बाबूलाल : काय म्हणते?

विमलाबाई : थांबा, भाऊजी. ...मंग? रेंज नव्हती का?

भावना : होती. भंडाऱ्याला बस वीस मिनिटं थांबली. नऊ वाजले होते. फोन हातातच होता. बाबांचं नाव काढून ठेवलं होतं.

विमलाबाई : मंग काहून नाई केला?

भावना : म्हटलं, आठ माणसांवर जमलं म्हणजे हजारांवर जमेलच असं नाही. पक्कं झालं की सांगू.

विमलाबाई : हे तू मनाले सांगतलं. मी इचारून रायली, काहून नाई केला?

भावना : ...राग आला होता.

विमलाबाई : त्यायचा?

भावना : त्यांचा. सहा महिने मी डोकं आपटलं, आणि त्यांनी वडा खाता खाता सांगितलं. मला वाटलं, एक दिवस तरी हे माझ्याजवळच असू दे. संध्याकाळी करू फोन. नेहमी संध्याकाळीच करते ना.

विमलाबाई : मंग तेच. नऊ वर्षं तुहा फोन संध्याकाळीच येते. त्यायले मालूम होतं ते. त्यायनं सकाळी वाट नसन पायली.

भावना : मग चार्जिंगला सकाळी का लावला?

विमलाबाई : ...ते मले नको इचारू.

बाबूलाल : तुमी दोघी आपसातच बोलून रायल्या. मी मशीन लावू का?

विमलाबाई : नका लावू. ती सांगते. ...सांग त्यायले.

भावना : ओरडून सांगावं लागेल, आई. हे ओरडून कसं सांगू?

विमलाबाई : हळू सांगतलं ते मले समजलं. त्यायनं मुद्दाम घरी येऊन इचारलं, त्यायलेबी समजलं पायजे.

भावना : आजूबाजूला सगळे ऐकतील.

विमलाबाई : ऐकू दे.

बाबूलाल : बोल बेटा. लागली का ती गोष्ट? बरोबर होता का तो?

भावना : हो, काका.

बाबूलाल : आँ?

भावना : बरोबर होते! बाबा बरोबर होते!

बाबूलाल : हाव?

भावना : त्याच दिवशी समजलं होतं मला! सकाळी नऊ वाजता! त्यांना दोन तास होते अजून! मी फोन केला नाही! ऐकू आलं का, काका?

बाबूलाल : आलं. सारं ऐकू आलं.

विमलाबाई : पानी पी, भावना.

बाबूलाल : त्याले इतक्या जोरानं नसतं सांगा लागलं, बेटा. त्याचे कान चांगले होते.

भावना : बाबा, तुमचं बरोबर होतं.